न दुखलेली छडी

गेल्या वर्षीची दिवाळी मी एका हाताने साजरी केली. पोळ्याच्या आदल्या दिवशी शाळेच्या शेवाळलेल्या पायरीवरून माझा पाय घसरला, पडता पडता सवयीने उजवा हात पुढे आला आणि साऱ्या देहाचा भार त्या एका तळहाताने झेलला. दिवाळीला हात प्लास्टरात होता. आमच्या घरी करंज्यांना मुरड घालण्याचे काम लग्नापासून माझ्याकडे आहे. ते कसे आले हा एक वेगळाच विषय आहे. पण आले आहे खरे आणि मला त्याचा अभिमानही आहे. सौ. म्हणाली, "अहो, यंदा तुम्ही नुसते बसून राहा. शेजारच्या वहिनी येणार आहेत." मी ऐकले नाही. डाव्या हाताने एक करंजी मुरडली. ती पाहून माझी धाकटी कन्या खो खो हसली आणि म्हणाली, "बाबा, या करंजीने पट्टीचा मार खाल्लाय!"

सगळे हसले. मीही हसलो. पण ती करंजी हातातून खाली ठेवली ती ठेवलीच, पुन्हा दुसरी घेतली नाही. मुलीला काय ठाऊक की मार खाल्लेला एक हात वीस वर्षे माझ्या मनात आहे?

वाचकांना आधी माझा थोडा परिचय करून दिला पाहिजे. मी मॅट्रिकच्या पुढे शिकलो नाही. चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत, त्यांतील दोन छापून आल्या आहेत. तालुक्याच्या गावी एका विनाअनुदानित शाळेत मला जी नोकरी लागली ती गुणपत्रिकेच्या जोरावर नव्हे, अक्षराच्या जोरावर. चालकांनी माझा अर्ज उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाले, "मुलांना हे असे अक्षर शिकवाल काय?" मी शिकवीन म्हणालो. तेव्हापासून सुंदर अक्षर हा माझा धर्म झाला. आणि जो कुठला धर्म नोकरीतून मिळतो त्याचा माणूस जरा अधिकच कडवा अनुयायी होतो.

तर तो उजवा हात मोडला. मोडला असेही प्रथम कोणी म्हणेना. फोटो काढला तो स्वच्छ निघाला. पण अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला, अंगठा ताठ वर केला की जी एक खळी पडते, तिथे डॉक्टरांनी बोट टेकवले मात्र, माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. या खळीचे वैद्यकातले नाव तपकिरीच्या डबीवरून पडले आहे. पूर्वीचे शौकीन तपकिरीची चिमूट तिच्यात ठेवून नाकाला लावीत. तिच्या तळाशी एक छोटेसे, होडीच्या आकाराचे हाड असते आणि हातावर पडलेल्या माणसाचे तेच बहुधा तडकते. मनगटातील आठ चिमुकल्या हाडांपैकी सर्वांत जास्त मोडणारे हाड हेच.

"फोटोत तर काही नाही ना?" मी विचारले.

"फोटोत नाही," डॉक्टर म्हणाले, "पण तुम्हांला दुखतेय ना? मग मी फोटोवर विश्वास ठेवणार नाही, तुमच्यावर ठेवीन. या हाडाची चीर पहिल्या दिवशी पुष्कळदा दिसत नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा फोटो काढू. तोवर प्लास्टर."

आणि दोन आठवड्यांनी, त्या होडीच्या मधोमध केसासारखी एक रेघ खरोखरच दिसली. दुर्लक्ष केले असते तर काय झाले असते तेही त्यांनी समजावून सांगितले. बहुतेक हाडांना रक्त अनेक वाटांनी मिळते. या होडीला ते मुख्यतः बोटांकडच्या टोकाने मिळते आणि तिथून ते उलटे, कोपराकडच्या टोकाला जाते. मधे चीर पडली की मागच्या अर्ध्या भागाची रसद तुटते. तो भाग कधी कधी आतल्या आत मरतो. माणूस मात्र मनगट मुरगळले असेल म्हणून हळदीचा लेप लावीत बसतो. अकरा आठवडे माझा हात त्या पांढऱ्या कोठडीत राहिला. ज्यांचे पोट हातावर असते, त्या विटा वाहणाऱ्यांनी आणि तेंदूपाने तोडणाऱ्यांनी अकरा आठवडे कुठून आणावेत, हा प्रश्न मला त्या वेळी वारंवार पडे. उत्तर सोपे आहे. ते आणीत नाहीत. ते हळदीचा लेप लावतात.

डॉक्टर तरुण होते आणि माझ्यातल्या मास्तराला शिकवताना त्यांनाही आनंद होत असावा. हातात एकूण सत्तावीस हाडे, त्यांतली आठ मनगटात, पाच तळहातात, चौदा बोटांत. दोन्ही हातांची मिळून चोपन्न, म्हणजे माणसाच्या दोनशे सहा हाडांतला चौथ्या हिश्शाहून अधिक वाटा. पण मला सर्वांत नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. बोटांत स्नायू नसतात! आपण मूठ आवळतो तेव्हा बोटे खेचणारे मोठे स्नायू असतात कोपर आणि मनगट यांच्या दरम्यान. तिथून लांब दोऱ्या मनगटातून पुढे बोटांच्या टोकांपर्यंत गेलेल्या असतात. वाचकांनी डाव्या हाताने उजवा हात कोपराखाली धरावा आणि उजव्या हाताची बोटे हार्मोनियम वाजवल्यासारखी हलवावीत. कातडीखाली सारी हालचाल समजते. कळसूत्री बाहुली पुढे नाचते, सूत्रधार मागे असतो. बारीक कामासाठी, सुईत दोरा ओवण्यासाठी किंवा 'क्ष' काढण्यासाठी, तळहातात आणखी काही चिमुकले स्नायू आहेत. त्यांतील बहुतेकांना चालवणारी शीर एकच. ती कोपराच्या मागून, अगदी कातडीलगत जाते. दारावर कोपर आपटले की करंगळीपर्यंत ज्या मुंग्या येतात त्या तिच्याच.

ही शीर माझ्या गोष्टीतले मुख्य पात्र आहे. वीस वर्षांपूर्वी मला तिचे नावही माहीत नव्हते.

ते वर्ष २००५. सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. नाव सांगत नाही. शेतमजुराचा मुलगा, शांत, मागच्या बाकावरचा. सहावीत त्याचे अक्षर माझ्या वर्गात दुसरे होते. सातवीत, आषाढापासून, ते बिघडू लागले. आधी काने तिरपे झाले, मग वेलांट्या वाहून गेल्या, मग पेन्सिल हातातून निसटू लागली. मी प्रथम गोडीने सांगितले, मग रागावलो, मग प्रत्येक ओळ शंभर वेळा लिहून आणायला सांगितली. तो आणी. शंभरावी ओळ पहिलीपेक्षा वाईट असे. मी मनाशी निदान केले: आळस. शिक्षकाजवळ तीनच निदाने असतात, आळस, उनाडकी आणि संगत. त्यांपैकी एक दिले की काम भागते.

श्रावणातल्या एका सोमवारी मी त्याला पुढे बोलावले आणि हात पुढे करायला लावला. पहिली छडी बसली. मुलगा हलला नाही. दुसरी बसली. तो माझ्याकडे पाहत होता, मग त्याने स्वतःच्या तळहाताकडे पाहिले, जणू तो कोणा दुसऱ्याचा होता. छडी खाणारी मुले काय करतात हे मला पाठ होते. हात मागे घेतात, फुंकर घालतात, काखेत दाबतात, डोळे भरतात, आणि मग माझा राग उतरतो. इथे काहीच झाले नाही. चाळीस मुले पाहत होती. मला वाटले, हा मला आव्हान देतो आहे. मी आणखी पाच छड्या मारल्या. सातव्या छडीनंतर मी थांबलो, तो माझाच दंड भरून आला म्हणून. "कोडगा आहेस," मी म्हणालो, "जा, बस." तो जाऊन बसला. त्या दिवसापासून मी त्याची वही तपासणे सोडून दिले.

पुढच्या माघात आरोग्य खात्याची एक बाई शाळेत आली. ती मुलांचे दंड, पाठी पाहत होती. त्या मुलाच्या दंडावर तिला एक फिकट चट्टा दिसला. तिने त्याला डोळे मिटायला सांगितले, आपल्या बॉलपेनचे टोक त्याच्या हातावर इथे तिथे टेकवले आणि म्हणाली, "कुठं लागलं ते बोटानं दाखव." चट्ट्यावर टेकवले, तो गप्प. करंगळीवर टेकवले, गप्प. तळहातावर टेकवले, अर्ध्याहून अधिक ठिकाणी गप्प. मग तिने त्याच्या दोन बोटांच्या बेचक्यात एक पोस्टकार्ड धरायला दिले आणि हलकेच ओढले. ते सहज निघून आले. मग कोपराच्या मागे चाचपून तिने माझेही बोट तिथे नेऊन ठेवले. शीर दोरीसारखी जाड लागत होती.

"कुष्ठ आहे, सर," ती हलक्या आवाजात म्हणाली. "औषध फुकट आहे, वर्षभर घ्यावं लागेल. रोग जाईल. बोटांचं मात्र सांगता येत नाही. शीर नुकतीच बिघडलेली असती तर बहुतेक परत आली असती. सहा महिन्यांच्या आत यावं लागतं. कधीपासून याचा हात असा आहे?"

मी म्हणालो, "आषाढापासून."

सगळ्या तपासणीला पाच मिनिटेही लागली नव्हती. लागले होते ते एक बॉलपेन आणि एक पोस्टकार्ड. तसले पेन माझ्याही खिशात होते; त्यानेच मी त्या मुलाला शून्य देत होतो.

आणखी एक विचित्र योगायोग. डिसेंबर २००५ अखेर आपल्या देशात कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांमागे एकाहून कमी झाले आणि सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून त्याचे निर्मूलन झाल्याचे जाहीर करण्यात आले. आकडा खरा होता. १९८२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेले अनेक औषधांचे एकत्र उपचार आले होते आणि त्यांनी फार मोठे काम केले होते. पण सरासरीत बसणाऱ्या माणसाला सरासरीबाहेरचा माणूस दिसत नाही. आजही दरवर्षी देशात लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात आणि आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे ही काही दूरची बातमी नव्हे.

मग मी या रोगाविषयी मिळेल ते वाचू लागलो. वाचताना पॉल ब्रँड हे नाव भेटले. तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात १९१४ साली मिशनऱ्यांच्या घरी जन्मलेला हा शल्यविशारद १९४६ मध्ये वेल्लोरला आला. तोवर सर्वांची समजूत अशी होती की कुष्ठाने बोटे सडतात आणि झडतात. ब्रँडने हात पाहायला सुरुवात केली. रोज, एकेक हात, एकेक जखम. एकदा एका कोठाराचे गंजलेले कुलूप त्याच्याने उघडेना. एका किरकोळ पोराने पुढे होऊन किल्ली फिरवली, कुलूप उघडले, आणि ब्रँडला जमिनीवर रक्ताचे थेंब दिसले. पोराचे बोट हाडापर्यंत कापले होते. पोराला पत्ता नव्हता. काही रुग्णांची बोटे रात्रीतून नाहीशी होत. शोध घेतला तेव्हा कळले की झोपेत उंदीर कुरतडत होते आणि झोपणाऱ्याला जाग येत नव्हती. मग रुग्णांना मांजरे देण्यात आली! बोटे रोगाने झडत नव्हती. ती भाजत होती, कापली जात होती, घासली जात होती, कारण 'थांब' म्हणून ओरडणारा आतला पहारेकरीच मेला होता. ब्रँड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी धडधाकट स्नायूंच्या दोऱ्या वळवून वाकडी बोटे सरळ करण्याच्या शस्त्रक्रियाही बसवल्या; पण माझ्या मते त्याचे मोठे काम हेच, की त्याने वेदनेची बाजू घेतली.

हे वाचून माझे समाधान व्हायला हवे होते. झाले भलतेच. माझ्या मोडक्या मनगटाला दुखत होते, फोटो नाही म्हणत होता, आणि डॉक्टरांनी माझ्या दुखण्यावर विश्वास ठेवला. त्या पोराचे दुखत नव्हते, आणि त्या न दुखण्याची साक्ष मी सात छड्यांपर्यंत नाकारली. साक्षीदार दोन्ही वेळी हातच होता.

गेल्या माघात एस.टी. स्टँडवर मला तो भेटला. मीच चहाच्या टपरीपुढे उभा राहिलो, त्याने ओळखले आधी. "सर!" म्हणून बाहेर आला. एकतीस-बत्तीस वर्षांचा बाप्या. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचे बोट आत वळलेले. टपरी त्याचीच. भांड्यांना लाकडी मुठी, त्यांवर जाड कापड गुंडाळलेले. किटली उचलताना तो हाताकडे पाहत होता. एकदाही नजर काढली नाही. "हाताले कळत नाही ना, सर, म्हणून डोळ्यानं काम करा लागते," तो म्हणाला. "रातच्याले झोपाच्या आधी दोन्ही हात दिव्याखाली पाहतो. कुठं भाजलं, कुठं फोड आला." आपल्याकडे सकाळी उठल्यावर आधी तळहात पाहण्याचा रिवाज आहे. हा माणूस रात्री पाहतो आणि अधिक मनापासून पाहतो.

वीस वर्षे पाठ केलेले वाक्य मी त्याला सांगितले. "त्या दिवशी मी तुला फार मारले. मला कळले नाही."

तो मनमोकळे हसला. "अजी सर, त्याचं काय घेऊन बसले! मले लागतच नव्हतं. तुम्ही मारत होते अन् मी पाहात होतो."

त्याने मला क्षमा केली, असे कोणी म्हणेल. मला मात्र या वाक्याने नवाच पेच घातला. जो मार लागला नाही, तो मार अन्याय होय काय?

एक बाजू म्हणते, नव्हे. अन्याय म्हणजे दुसऱ्याला दिलेले दुःख. दुःख शून्य, तर अन्याय शून्य. हिशेबाला हे ठीक आहे. पण बहिऱ्या माणसाला तोंडावर शिव्या दिल्या तर? त्याला ऐकू येत नाही, त्याचा दिवस आनंदात जातो. झोपलेल्या म्हातारीच्या उशाचे दहा रुपये काढून घेतले आणि तिला ते कधी कळलेच नाही तर? यांत काहीच बिघडले नाही असे म्हणायला माझी जीभ वळत नाही. दुःख झाले नाही हे त्या बहिऱ्याचे आणि म्हातारीचे नशीब. ते माझे पुण्य कसे होईल?

दुसरी बाजू म्हणते, हेतू पाहा. तुमचा हेतू चांगला होता, मुलाचे अक्षर सुधारावे. या बाजूचा आधार घेऊन मी बरीच वर्षे काढली. पण प्लास्टरातल्या अकरा आठवड्यांत, रात्री झोप नसताना, मी त्या सात छड्या सुट्या सुट्या करून पाहिल्या. पहिली अक्षरासाठी होती, हे मी शपथेवर सांगेन. दुसरी कदाचित. तिसरीपासून मात्र अक्षराचा संबंध नव्हता. तिसरीपासून सातवीपर्यंतच्या छड्या तो रडावा म्हणून होत्या. मला त्याचे दुःख हवे होते आणि ते मिळत नव्हते. तेव्हा त्याला लागले नाही म्हणून मी सुटलो असे कसे म्हणू? न लागल्यामुळेच तर मी मारीत गेलो.

महाभारताच्या शांतिपर्वात शंख आणि लिखित या दोन भावांची कथा आहे. धाकट्या लिखिताने थोरल्याच्या आश्रमातली फळे न विचारता खाल्ली. शंख म्हणाला, ही चोरी झाली, राजाकडे जाऊन शिक्षा माग. राजा सुद्युम्न त्याला सोडून द्यायला तयार होता. लिखितानेच हट्ट धरला आणि राजाने त्याचे दोन्ही हात तोडले. मग शंखाच्या सांगण्यावरून त्याने बाहुदा नदीत स्नान करून तर्पणाला सुरुवात केली आणि हात पुन्हा फुटले. लिखिताने विचारले, तुझ्यात हे सामर्थ्य होते तर आधीच मला शुद्ध का केले नाहीस? शंखाचे उत्तर असे की दंड देण्याचा अधिकार माझा नव्हे, राजाचा. लहानपणी मला ही कथा भयंकर वाटे. तोंडाने खाल्ले, मोह मनाला झाला, आणि तुटले ते हात! आता तिच्यातली निराळीच गोष्ट टोचते. तिथे शिक्षा मागणारा स्वतः उभा होता. त्याला आपला अपराध माहीत होता. शिक्षा देणाऱ्याने त्याचे म्हणणे ऐकून घेतले होते. आणि शेवटी हात परत आले. माझ्या वर्गात यांतले काहीही नव्हते. लिखित या नावाचा मुलगा तिथे असता तर त्यालाही मी लिहिता येत नाही म्हणूनच मारले असते.

कोणी वकील मला सांगेल, "अहो, तुम्ही डॉक्टर थोडेच होता! अज्ञानाला कसला दोष?" अज्ञानाला नसेल. कोपरामागच्या शिरेचे ज्ञान मॅट्रिक झालेल्या मास्तराला नसणार. पण सहावीत ज्याचे अक्षर वर्गात दुसरे होते, त्याचे सातवीत असे का झाले, हा प्रश्न विचारायला ज्ञान लागत नव्हते. "बाळ, हाताला काय होते?" एवढेच विचारायचे होते. त्याने सांगितलेही असते. टपरीवर मी त्याला ते विचारले, तेव्हा तो म्हणाला, "घरी आईले सांगितलं होतं, हाताले मुंग्या येतात म्हून. शाळेत कोणी पुसलंच नाही."

आणि इथे मला माझ्या प्रश्नाची गफलत कळली. मी इतकी वर्षे छडीचा हिशेब करीत बसलो. छड्या त्याला लागल्या नाहीत, त्यांचा वळही चार दिवसांत गेला असेल. लागले ते दुसरेच. आठव्या मिनिटाला मी 'कोडगा' म्हणून त्याला बसवले आणि त्याची वही पाहणे सोडले. आषाढ ते माघ हे सरासरी आठ महिने. सहा महिन्यांच्या आत यावे लागते, असे ती आरोग्यखात्याची बाई म्हणाली होती. श्रावणात ती वही घेऊन मी त्याला कोणा डॉक्टरांकडे नेले असते, तर ती दोन बोटे कदाचित सरळ असती. कदाचित नसतीही, डॉक्टरही खात्रीने सांगत नाहीत. पण छडी मारायला मला एक मिनिट लागले, आणि न पाहायला मी सहा महिने लावले. पहिल्याची खंत मी उगाळीत होतो. दुसऱ्याची मला आठवणही नव्हती. जी क्रिया घडते ती अंगावर येते. जी घडतच नाही तिला कुठे धरावे?

वाचकांना वाटत असेल की २००६ च्या त्या माघानंतर मी छडी मोडून चुलीत घातली. नाही घातली. तळहातावर मारणे सोडले, हे खरे. पाठीत धपाटा आणि कानाला पिळा चालूच होते. ते बंद झाले शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आल्यावर. त्या कायद्याने शाळेतला मार आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आणि आमच्या मुख्याध्यापकांनी परिपत्रकावर सर्वांच्या सह्या घेतल्या. माझीही सही तिथे आहे, अत्यंत वळणदार. सदसद्विवेकबुद्धीने जे चार वर्षांत केले नाही ते परिपत्रकाने एका दुपारी केले, हे लिहिताना संकोच वाटतो, पण दिवाळीच्या अंकात खोटे कशाला लिहा?

माझे अक्षर मात्र आता तसे राहिलेले नाही. हाड सांधले, तरी थंडीत मनगट दुखते आणि दोन पाने लिहिली की अंगठा संप करतो. या वर्षी फळ्यावर मी 'ज्ञ' काढला तेव्हा पहिल्या बाकावरचा एक मुलगा तोंडावर हात ठेवून हसला. पूर्वी त्याचे काय झाले असते ते सांगायला नको. मी त्याला म्हणालो, "ये, तू काढून दाखव." त्याने माझ्यापेक्षा चांगला काढला.

त्या दिवशी टपरीवर माझी गाडी लागायला अवकाश होता. माझ्या मनगटाला पट्टा होता, त्याने विचारले, "हाताले काय झालं, सर?" मी त्या होडीची, रेघेची, अकरा आठवड्यांची हकीकत सांगितली. त्याने किटली खाली ठेवली, हात पुसले आणि म्हणाला, "पाहू." मी पट्टा सोडून हात पुढे केला. त्याने तो आपल्या डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताचा अंगठा, नजर न काढता, नेमका त्या खळीत टेकवला. कुठे टेकवायचा हे मी आत्ताच त्याला सांगितले होते, आणि विद्यार्थी पूर्वीपासून लक्ष देऊन ऐकणारा.

"दुखते?"

"दुखते," मी म्हणालो.

"मंग बरं हाय," तो म्हणाला, आणि चहा गाळायला वळला. पैसे त्याने घेतले नाहीत. गाडी लागली होती. वाहकाने घंटी दिली तेव्हा माझा पट्टा बांधायचा राहिलाच होता, म्हणून मी तो डाव्या हाताने आणि दातांनी बांधत बांधत आत चढलो.